एका पौंडास विकलेला क्लब

आमच्या शाळेच्या मैदानावर संध्याकाळीं जीं मुलें फुटबॉल खेळावयास जमतात, त्यांच्यापैकीं निम्म्यांच्या अंगांत इंग्लंडांतील कोणत्या ना कोणत्या प्रख्यात क्लबाच्या रंगाचा सदरा असतो. फिकट निळा दिसला कीं तो मँचेस्टर सिटीचा आणि तांबडा दिसला कीं तो लिव्हरपूलचा किंवा मँचेस्टर युनायटेडचा, हें आतां माझ्यासारख्या खडूच्या धुळींत जन्म घालविलेल्या माणसासहि कळूं लागलें आहे. त्या क्लबांच्या खेळाडूंचीं नांवें, त्यांचीं वयें, त्यांच्या खरेदीविक्रीच्या किंमती ह्या मुलांना तोंडपाठ असतात, आणि त्यांत वाईट असें कांहींच नाहीं. परंतु त्याच मँचेस्टरच्या उत्तरेस थोड्याच मैलांवर बेरी नांवाचें एक गांव आहे. (नकाशावरील इंग्रजी अक्षरें पाहून 'बरी' असा उच्चार करण्याचा मोह होतो, तो आवरावा.) त्या गांवच्या क्लबाची हकीकत आमच्या मैदानावरील एकाहि मुलास ठाऊक नाहीं. ती मुलांना व त्यांच्या आईबापांना सांगावी, आणि तिच्या अनुषंगानें माझें स्वतःचें एक मत मांडावें, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

२०१९ सालच्या मे महिन्याच्या १८ तारखेस मँचेस्टर सिटीनें एफ. ए. चषकाच्या अंतिम सामन्यांत वॉटफर्डचा ६ विरुद्ध ० असा पराभव केला. ह्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत एवढ्या मोठ्या फरकानें विजय मिळविण्याचा पराक्रम तोंपर्यंत एकदांच घडला होता. १९०३ सालीं बेरीनें डर्बी कौंटीवर ६ विरुद्ध ० असाच जय मिळविला होता, आणि तो मान पुढें ११६ वर्षें बेरीच्या एकट्याच्या पदरीं होता. मोठ्या शेजाऱ्यानें बरोबरी केली त्या वर्षीच, २७ ऑगस्टच्या रात्रीं, इंग्लिश फुटबॉल लीगनें बेरीचें नांव आपल्या पटावरून काढून टाकलें. १८९४ पासून १२५ वर्षें त्या पटावर असलेलें हें नांव. खेळांत हरल्यामुळें तें गेलें नाहीं. त्याच वसंतांत तो संघ वरच्या वर्गांत चढला होता. तें गेलें हिशेबामुळें.

बेरी हें जुन्या लँकेशायर परगण्यांतील गिरण्यांचें गांव. इतिहासाच्या पुस्तकांत ज्याच्या धांवत्या धोट्याविषयीं आपण वाचलें आहे, तो जॉन के ह्याच गांवाच्या शिवेजवळचा. लंडनचें पोलीसदल उभारणारा रॉबर्ट पील हाहि येथलाच. लँकेशायरचा आणि आमच्या मुंबईचा संबंध कापसाच्या धाग्यानें जोडलेला आहे. १८६१ ते १८६५ ह्या अमेरिकन यादवीच्या काळांत तिकडील कापूस बंद पडला, तेव्हां आमच्याकडील कापसानें त्या गिरण्यांचीं चात्यें फिरतीं ठेविलीं आणि मुंबईंत पैशाचा पूर आला. युद्ध संपतांच तो पूर ओसरला व मोठमोठ्या पेढ्या बुडाल्या. उसन्या भरभराटीवर इमले बांधले म्हणजे काय होतें, तें मुंबईनें त्या वेळीं पाहिलें आहे. म्हणून बेरीची गोष्ट आम्हांस अगदींच परकी वाटण्याचें कारण नाहीं.

शनिवारीं दुपारीं गिरणी सुटल्यावर कामकऱ्यांना जो अर्धा दिवस मिळे, त्यांतून उत्तर इंग्लंडचा फुटबॉल वाढला. बेरीचा क्लब १८८५ सालचा. गिग लेन नांवाच्या रस्त्यावर त्यानें जागा घेतली आणि त्या वर्षापासून २०१९ पर्यंत तेंच त्याचें मुख्य मैदान होतें. १९०० सालीं त्यानें साउदॅम्प्टनला ४ विरुद्ध ० असें हरवून चषक आणला. दुसरा चषक १९०३ चा, तो वर सांगितलाच आहे. त्यानंतर मात्र मोठें यश असें फारसें नाहीं. कधीं वर, कधीं खालीं, बहुधा तिसऱ्या-चौथ्या वर्गांत. तरीहि आजा नातवाला घेऊन जाई आणि तो नातू पुढें आपल्या नातवाला घेऊन जाई. जिंकणाऱ्या क्लबावर प्रेम करणें सोपें असतें. हरणाऱ्या क्लबाच्या मैदानावर पावसांत जाऊन उभें राहण्यास निराळ्या प्रकारचें मन लागतें, आणि अशा मनांच्या बळावर हे लहान क्लब उभे असतात.

आतां असा क्लब कोणाच्या मालकीचा? प्रश्न साधा दिसतो, परंतु सर्व घोंटाळा ह्याच प्रश्नांत आहे. आरंभीं क्लब म्हणजे वर्गणीदारांचें मंडळ होतें. मैदानाला कुंपण, पाहणारांस बसावयास फळ्या, खेळाडूंस रोजमुरा, असा खर्च वाढत गेला तशीं कर्जेंहि वाढलीं. कर्ज बुडालें तर मंडळांतील एखाद्या शाळामास्तराच्या किंवा दुकानदाराच्या घरावर जप्ती येऊं नये, म्हणून क्लबांनीं मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचें रूप घेतलें. म्हणजे तें रूप रक्षणासाठीं होतें, कमाईसाठीं नव्हे. फुटबॉल असोसिएशनचे जुने नियम हीच साक्ष देतात. भागधारकांस ठराविक टक्क्यांपेक्षां अधिक नफा वांटतां येत नसे. संचालकांनीं पगार घ्यावयाचा नसे. आणि क्लब मोडलाच, तर देणीं फेडून उरलेली मालमत्ता भागधारकांच्या खिशांत न जातां त्या भागांतील दुसऱ्या क्रीडासंस्थेकडे किंवा धर्मादायाकडे जावी असा दंडक होता. ज्यांनीं हे नियम केले त्यांच्या मनांत क्लब ही गांवाची ठेव होती, आणि संचालक हे तिचे राखणदार होते.

हे बांध एकामागून एक फुटले. खेळाडूंच्या पगारावरील आठवड्यास २० पौंडांची मर्यादा १९६१ सालीं उठली. तें न्यायाचेंच झालें, कारण ज्याच्या पायांवर गर्दी जमते त्यास गिरणीकामगाराएवढ्या मजुरीवर बांधून ठेवणें शोभत नव्हतें. परंतु १९८३ सालीं लंडनच्या टॉटनहॅम क्लबानें एक दुसरी कंपनी काढून क्लब तिच्या पोटांत घातला; नियम क्लबाला लागू, वरची कंपनी मोकळी, अशी ती युक्ति. तिचें अनुकरण पुष्कळांनीं केलें. त्याच वर्षीं लीगच्या सामन्यांत तिकिटांच्या उत्पन्नांतून पाहुण्या संघास मिळणारा हिस्सा बंद झाला, म्हणजे मोठ्या गांवची गर्दी लहान गांवच्या उपयोगीं पडेनाशी झाली. १९९२ सालीं वरच्या वर्गांतील २२ क्लब वेगळे निघाले, त्यांनीं प्रीमियर लीग काढली, आणि दूरचित्रवाणीच्या पैशाचा मुख्य ओघ त्यांच्याकडे वळला.

तेव्हांपासून खालच्या क्लबांची स्थिति मोठ्या विचित्र शिडीवरील माणसाप्रमाणें झाली आहे. वरच्या पायरीवर पैशाची रास आहे. तेथें चढावयाचें तर चांगले खेळाडू पाहिजेत. चांगले खेळाडू पाहिजेत तर पगार वाढविला पाहिजे. आणि पगार वाढवावयास पैसा नाहीं, कारण तो वरच्या पायरीवर आहे. मग कर्ज काढावयाचें आणि चढलों कीं फेडूं असें म्हणावयाचें. परंतु एका वर्गांतले २४ क्लब असें म्हणतात आणि चढतात ते तीन किंवा चार! २०१८-१९ च्या हंगामांत दुसऱ्या वर्गांतील क्लबांनीं मिळून १०० पौंडांच्या उत्पन्नामागें १०७ पौंड नुसत्या पगारांवर खर्च केले. दिवे, गवत, प्रवास, धोबी हें सर्व त्यावर आणखी. आंथरूण पाहून पाय पसरावे असें आपण मुलांना शिकवितों. येथें आंथरूणच पगारांत विकलें गेलें. २००२ सालीं आय. टी. व्ही. डिजिटल ही दूरचित्रवाणी कंपनी बुडाली. तिनें तीन वर्षांसाठीं ३१ कोटि ५० लक्ष पौंडांचा करार लीगशीं केला होता. हातीं न आलेला तो पैसा धरून कित्येक क्लबांनीं खेळाडूंशीं करार केलेले होते. त्यांपैकीं अनेकांना न्यायालयाच्या दारीं जावें लागलें.

बेरीचेंहि असेंच झालें, किंबहुना अधिक वाईट झालें. २०१३ पासून स्टुअर्ट डे नांवाचे इमारतींचा व्यवसाय करणारे गृहस्थ क्लबाचे प्रमुख होते. त्यांच्या कारकीर्दींत गिग लेनचें मैदान गहाण पडलें. मैदानाच्या आवारांतील मोटारी उभ्या करण्याच्या जागा तुकड्यातुकड्यांनीं गुंतवणूकदारांस विकण्यांत आल्या. खेळाडू मात्र भारी पगाराचे आणले जात होते. २०१८ च्या डिसेंबरांत त्यांनीं क्लब स्टीव्ह डेल ह्या दुसऱ्या गृहस्थास विकला. किंमत किती? एक पौंड. आमच्या शाळेच्या दुकानांतील एका वहीची किंमत त्याहून फारशी कमी नसेल. १३३ वर्षांचा क्लब, दोन चषकांची कीर्ति, एक मैदान आणि त्या सर्वांवर लादलेलें कर्ज, हें सर्व एका पौंडास. नव्या मालकांनीं पुढें रेडिओवर सांगितलें कीं, बेरीस आपलें जाणें नव्हतें आणि तेथें फुटबॉलचा क्लब आहे हेंहि आपणांस माहीत नव्हतें. ह्या बोलण्यांतील प्रांजळपणा मला मान्य आहे. परंतु तो ऐकून त्या गांवच्या लोकांना काय वाटलें असेल?

पगार थकूं लागले. आश्चर्य हें कीं, पगार न मिळतां ते खेळाडू खेळत राहिले आणि जिंकत राहिले. २०१९ च्या एप्रिलच्या अखेरीस त्यांनीं तिसऱ्या वर्गांत बढती मिळविली. ज्या दिवशीं गांव आनंदानें नाचलें, त्या दिवशींहि क्लबाची पेटी रिकामीच होती. उन्हाळ्यांत शिक्षक संघ सोडून गेला, बहुतेक खेळाडूहि गेले. जुलैमध्यें धनकोंशीं तडजोड झाली, तरी पैसा कोठून येणार ह्याचा पुरावा लीगला मिळेना. ऑगस्टांत हंगाम सुरू झाला. बेरीचे सामने एकामागून एक तहकूब होऊं लागले. जिच्या वडिलांचें नांव मैदानांतील एका प्रेक्षागृहास दिलेलें आहे, अशा एका माजी संचालिकेनें क्लबाच्या कचेरीबाहेरील पन्हळीस स्वतःस जखडून घेतलें. आणि २७ तारखेस, शेवटच्या मुदतीच्या दिवशीं, एक खरेदीदार सापडला आहे अशी वार्ता पसरल्यावर, शेंकडों लोक बादल्या, झाडू आणि पोतेरीं घेऊन गिग लेनवर आले. शनिवारीं सामना होईल, तर मैदान स्वच्छ पाहिजे, म्हणून त्यांनीं खुर्च्या पुसल्या, पायऱ्या झाडल्या. त्याच दिवशीं खरेदीदारानें माघार घेतली. रात्रीं निर्णय जाहीर झाला. शेजारच्या बोल्टन गांवचा क्लब असाच मरणाच्या दारीं होता, तो दुसऱ्या दिवशीं नवा मालक मिळून वांचला.

ह्या सर्व प्रकरणांत मला त्या झाडूवाल्या लोकांची आठवण वारंवार येते. ज्यांनीं मैदान पुसलें त्यांना तें गहाण ठेवतांना कोणी विचारलें नव्हतें. आणि ज्यांना गहाणखतावर सही करण्याचा अधिकार होता, त्यांना तें पुसण्याची कधीं गरज पडली नव्हती.

पालकांनीं लक्ष द्यावें अशी एक गोष्ट येथेंच सांगतों. क्लब बुडतो तेव्हां पैसे कोणाचे बुडतात? इंग्लंडांत असा नियम चालत आला कीं, दिवाळें निघालेल्या क्लबाला लीगमध्यें राहावयाचें असेल तर त्यानें खेळाडूंचीं व दुसऱ्या क्लबांचीं देणीं पुरीं फेडलीं पाहिजेत. उरलेल्या धनकोंनीं तडजोडींत जें मिळेल तें घ्यावें. बेरीच्या जुलैमधील तडजोडींत ह्या उरलेल्यांना पौंडामागें पाव पौंड, आपल्या जुन्या हिशेबानें रुपयास चार आणे, कबूल झाले होते. पोर्टस्मथचा क्लब २०१० सालीं प्रशासकाच्या हातीं गेला, तेव्हां धनकोंच्या यादींत सेंट जॉन अँब्युलन्सचेंहि नांव निघालें. दोन वर्षांपूर्वीं चषक जिंकलेल्या त्या क्लबाच्या मैदानावर कोणास घेरी आली तर धांवून येणारे हे स्वयंसेवक. त्यांची किरकोळ रक्कमहि दिलेली नव्हती.

येथवर वाचून बहुतेक वाचक म्हणतील कीं मालक वाईट होते, त्यांचें शासन व्हावें, विषय संपला. मला हें पुरेसें वाटत नाहीं. मालक वाईट असतील. पण ते उधळपट्टी करीत होते त्या वर्षीं टाळ्या कोण वाजवीत होतें? नवा खेळाडू आणला कीं जयजयकार, हिशेब विचारला कीं तो मनुष्य रडतोंड्या, ही रीत केवळ बेरीची नाहीं. नॉटिंगहॅम येथील नॉट्स कौंटी हा क्लब १८६२ सालचा, लीगमध्यें खेळलेल्या क्लबांत सर्वांत जुना. त्याची मोठी मालकी पाठीराख्यांच्याच मंडळाकडे होती. २००९ सालीं मंटो फायनान्स नांवाच्या कंपनीनें अपार संपत्तीचें गाजर दाखविलें, आणि मंडळाच्या सभासदांनीं प्रचंड बहुमतानें आपला क्लब तिच्या हवालीं केला. इंग्लंडच्या राष्ट्रीय संघाचे माजी शिक्षक स्वेन गोरान एरिक्सन आणले गेले. सॉल कँबेलसारखा नामांकित खेळाडू आला, एक सामना खेळला, आणि निघून गेला. संपत्ति कोठेंच नव्हती. वर्ष उलटण्यापूर्वीं क्लब कर्जासह आणखी दुसऱ्याच्या हातीं गेला. येथें कोणी दरोडा घातला नव्हता. मालकांनींच, म्हणजे लोकांनींच, दार उघडून दिलें होतें. ऋण काढून सण करणारा जितका दोषी, तितकाच त्याच्या पंक्तीस बसून, जेवण कोठून आलें हें न विचारणारा दोषी, असें माझें स्पष्ट मत आहे.

दुसरी एक तक्रार अशी करतात कीं, परदेशी मालक आले म्हणून हें झालें. बेरीचे दोन्ही मालक इंग्रजच होते, एवढें उत्तर पुरे होईल. परंतु ह्या ठिकाणीं आम्हां महाराष्ट्रीयांना जरा संकोच वाटावा अशी एक हकीकत आहे. बेरीपासून जवळच ब्लॅकबर्न नांवाचें शहर आहे. एके काळीं आमच्या देशांत खपणारीं धोतरें तेथील मागांवर विणलीं जात. तेथील ब्लॅकबर्न रोव्हर्स हा १८८८ सालीं लीग स्थापणाऱ्या बारा क्लबांपैकीं एक. जॅक वॉकर ह्या तेथल्याच पोलादाच्या व्यापाऱ्यानें आपली संपत्ति ओतून १९९५ सालीं त्यास देशाचें अजिंक्यपद मिळवून दिलें. तो गेल्यावर, २०१० च्या नोव्हेंबरांत, पुण्याच्या वेंकीज ह्या कोंबड्यांच्या व्यवसायांतील मंडळींनीं तो क्लब २ कोटि ३० लक्ष पौंडांस विकत घेतला. दीड वर्षांत क्लब वरच्या वर्गांतून खालीं उतरला. त्या निर्णायक सामन्यांत रागावलेल्या प्रेक्षकांनीं एक जिवंत कोंबडी मैदानांत सोडली. २०१७ सालीं तो तिसऱ्या वर्गांतहि गेला व पुढल्या वर्षीं परत चढला. न्यायानें हें सांगितलें पाहिजे कीं, ह्या मालकांनीं वर्षानुवर्षें फार मोठ्या रकमा त्यांत घातल्या आणि बेरीसारखी दशा त्या क्लबाची होऊं दिली नाहीं. तथापि भारतांतील एका तपासामुळें २०२३ पासून तिकडे पैसे पाठविण्यास दिल्लीच्या उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली, आणि लँकेशायरमधील लोक दिल्लींतील तारखा मोजीत बसले. मालक सज्जन असला तरी एकाच माणसाच्या खिशावर एका गांवाचा आनंद टांगून ठेवणें धोक्याचें आहे, हें ह्यावरून दिसतें.

खुद्द पुण्याचा अनुभवहि ताजा आहे. बेरीचें नांव कमी झालें त्याच ऑगस्टांत एफ. सी. पुणे सिटी हा २०१४ सालीं निघालेला क्लब बंद झाला व त्याची जागा हैदराबादच्या नव्या क्लबास मिळाली. पुढें २०२५ सालीं तो क्लबहि दिल्लीस हलला. दुकानाची पाटी एका पेठेंतून दुसऱ्या पेठेंत न्यावी तसें हें झालें. पांच वर्षांच्या क्लबाबद्दल कोणी १३४ वर्षांचे अश्रू ढाळावे अशी माझी अपेक्षा नाहीं. पण ज्या मुलांनीं त्याचे नारिंगी सदरे हौसेनें घेतले होते, त्यांना कोणी कांहीं विचारलें होतें काय?

'ज्याच्या हातीं ससा तो पारधी' हा व्यवहार आहे, असें कोणी म्हणेल. पैसा ज्यानें घातला त्याची सत्ता. आणि श्रीमंतांनीं पैसा घातला नसता तर हे क्लब कधींच बंद पडले असते. ह्या आक्षेपांत तथ्य आहे, म्हणून तो टाळतां येत नाहीं. परंतु पैसा घालणारा पैशाचा मालक असतो. १८८५ पासूनच्या शनिवारांचा तो मालक कसा होईल? एक पौंड देऊन त्यानें कंपनीचे भाग घेतले, तेव्हां त्या पौंडांत गांवाच्या चार पिढ्यांची निष्ठाहि घेतली असें धरावयाचें काय? मैदान हें खेळासाठीं ठेविलेलें असून तें तारण म्हणून सावकाराकडे जाऊं शकतें, ही गोष्ट कायद्यानें मान्य केलेली असली तरी माझ्या बुद्धीस ती मान्य होत नाहीं. देवस्थानाच्या किंवा शाळेच्या विश्वस्तास इमारतीची दुरुस्ती करण्याचा, नोकर नेमण्याचा, खर्च करण्याचा अधिकार असतो. इमारत विकून मोकळें होण्याचा नसतो. क्लबाच्या मालकाचा अधिकार याच जातीचा असावा, एवढेंच मी म्हणतों.

असें चालविणें अशक्य आहे म्हणावें, तर उदाहरणें आहेत. लंडनच्या विंबल्डन क्लबास त्याच्या मालकांनीं साठ मैलांच्या आसपास दूर असलेल्या मिल्टन कीन्स येथें नेण्याचें ठरविलें व २००२ सालीं तशी परवानगी मिळविली. पाठीराख्यांनीं त्याच उन्हाळ्यांत ए. एफ. सी. विंबल्डन नांवाचा स्वतःचा क्लब काढला, खेळाडू निवडण्यासाठीं उघड्या माळावर चांचणी घेतली आणि अगदीं खालच्या लीगमध्यें आरंभ केला. नऊ वर्षांनीं, २०११ त, ते मुख्य लीगमध्यें पोंचले. २०२० सालीं आपल्या जुन्या प्लाउ लेन भागांत स्वतःच्या नव्या मैदानावर परतले. एक्झेटर सिटीचा क्लब २००३ सालीं कर्जांत बुडालेला असतां पाठीराख्यांनीं हातीं घेतला. २००५ च्या जानेवारींत ह्या संघानें मँचेस्टर युनायटेडला त्यांच्याच मैदानावर ० विरुद्ध ० असें रोखून धरलें, आणि त्या दोन सामन्यांच्या उत्पन्नांतून कर्जाचा मोठा भार हलका झाला. पुढें त्यांनीं मोठे खेळाडू विकत घेण्याऐवजीं आपल्याच भागांतील मुलांना शिकविण्याचा मार्ग धरला. २०२४ च्या युरोपीय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यांत इंग्लंडला विजय मिळवून देणारा ऑली वॉटकिन्स हा त्यांच्याच तालमींतला. पण हा मार्ग फुलांचा आहे असें मी म्हणत नाहीं. पोर्टस्मथच्या पाठीराख्यांनीं २०१३ सालीं वर्गणी करून घेतलेला क्लब चार वर्षांनीं एका श्रीमंत अमेरिकन गृहस्थास विकला, आणि तोहि मतदान करून. वर चढण्याची इच्छा त्यांनाहि आवरली नाहीं. आणि तो त्यांचा अधिकार होता.

बेरीच्या धक्क्यानें आणि त्यामागून आलेल्या दुसऱ्या प्रकरणांनीं पार्लमेंटहि जागें झालें. चौकशी झाली, २०२१ सालीं तिचा अहवाल निघाला, आणि २०२५ च्या २१ जुलै रोजीं फुटबॉलच्या कारभाराचा कायदा मंजूर झाला. त्यानें एक स्वतंत्र नियामक नेमला. वरच्या पांच वर्गांतील ११६ क्लबांना त्याचा परवाना घ्यावा लागेल. नवा मालक पैसा कोठून आणतो हें त्यास तपासतां येईल. त्याच्या संमतीवांचून मैदान विकतां येणार नाहीं. जर्मनींत १९९८ पासून बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मतें सभासदांच्या हातीं ठेवण्याचा नियम आहे. इंग्लंडनें तेवढें धाडस केलें नाहीं. तरी हिशेब मागणारा कोणी तरी उभा राहिला, हें थोडें नव्हे.

आणि बेरी? पटावरून नांव गेल्यावर कांहीं लोकांनीं बेरी ए. एफ. सी. नांवाचा सभासदांचा क्लब काढला. प्रत्येक सभासदास एक मत, मग तो गिरणीवाला असो कीं शाळकरी शिक्षक. २०२० पासून तो शेजारच्या रॅडक्लिफ गांवच्या मैदानावर, लीगच्या पुष्कळ पायऱ्या खालीं, खेळूं लागला. दुसऱ्या कांहीं लोकांनीं जुन्या मैदानाचा ध्यास घेतला. २०२२ च्या फेब्रुवारींत सरकारी निधींतील १० लक्ष पौंड आणि देणगीदारांचें साह्य ह्यांच्या जोरावर गिग लेन त्यांच्या ताब्यांत आलें. आतां एका मंडळाकडे संघ, दुसऱ्याकडे मैदान, आणि दोघांत बेबनाव! एका क्लबावर प्रेम करणारीं माणसेंहि एकमेकांशीं किती भांडूं शकतात, हें येथें दिसलें. त्या वर्षींच्या ऑक्टोबरांत एकत्र येण्याविषयीं मतदान झालें. लागणारें मताधिक्य थोडक्यांत हुकलें. २०२३ च्या मे महिन्यांत पुन्हां मतदान झालें, तेव्हां तें मिळालें. त्या हंगामापासून बेरी हें जुनें नांव घेऊन संघ गिग लेनवर पुन्हां खेळूं लागला, आणि २०२५ च्या वसंतांत आपली लीग जिंकून आठव्या पायरीवर चढला.

नव्या कायद्याचा हात पांचव्या पायरीपर्यंत पोंचतो. ज्या क्लबाच्या मरणानें तो कायदा घडविण्यास हातभार लावला, तो क्लब त्याच्या कक्षेच्या तीन पायऱ्या खालीं उभा होता. गिग लेनचें मैदान गहाण पडूं न देणें हें त्या वेळीं कोणा सरकारी नियामकाचें काम नव्हतें. वर्षाची वर्गणी भरून हिशेबाच्या सभेस येणाऱ्या सभासदांचें होतें.